लांडगा बनून खेळायचंय? वुल्फ पॅक रोलप्लेमध्ये पहिल्या पोस्टपासून पहिल्या मारामारीपर्यंत

आधी ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. वुल्फ पॅक रोलप्ले म्हणजे लांडग्यांचा कळप (पॅक) बनून लिहून खेळायचा खेळ. प्रत्येक जण एक लांडगा घेतो, त्याला नाव-गाव-स्वभाव देतो आणि मग सगळे मिळून आळीपाळीने गोष्ट पुढे नेतात, तुम्ही एक पोस्ट टाकायची, समोरच्याने उत्तरात दुसरी. स्कोअर नाही, लेव्हल नाही, जिंकणं तर नाहीच. हल्ली हे बहुतेक डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर चालतं, भाषा जवळपास सगळीकडे इंग्रजी, आणि खेळणारी मंडळी जास्त करून अमेरिका, कॅनडा, ब्रिटनकडची. बरेच जण वुल्फक्वेस्ट नावाच्या गेमवरून इकडे वळलेले असतात. तो २००७ साली मिनेसोटा झू आणि एड्युवेबने काढला होता आणि त्यात अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगा बनून फिरायचं असतं. आपल्याकडची पोरंपोरीही यात आहेत, पण नवीन माणूस दोन आठवड्यांत वैतागून बाहेर पडतो असं फार होतं, आणि कारण इंग्रजी नसतं, कारण असतं की तो हा जिंकायचा गेम समजून खेळायला जातो. इथे जो माणूस समोरच्याला खेळायला जागा ठेवतो त्याच्याबरोबर सगळ्यांना खेळायचं असतं, बाकीच्यांच्या पोस्टला उत्तरच येत नाही. खालचं सगळं त्या हिशेबानेच वाचा.

पायरी १: आत शिरल्या शिरल्या काही लिहू नका

सर्व्हर (डिस्कॉर्डवरचा एकेका ग्रुपचा अड्डा) जॉईन केला की पहिले रूल्स वाचायचे, आणि खरंच वाचायचे, कारण बऱ्याच ठिकाणी रूल्सच्या मधेच कुठेतरी एक कोडवर्ड लपवून ठेवलेला असतो, तो तुमच्या प्रवेशाच्या अर्जात लिहिला नाही की अॅडमिनला कळतं तुम्ही नुसतं स्क्रोल केलंय. मग अर्ज परत.

रूल्समध्ये नेमकं काय बघायचं ते सांगतो. वय किती लागतं. डिस्कॉर्डला बहुतेक देशांत किमान १३ लागतंच, पण काही सर्व्हर फक्त १८ च्या वरचे असतात, तिथे खोटं सांगून घुसू नका, पकडलं की कायमचं बॅन आणि ते बरोबरच आहे. पोस्ट किती लांब हवी, काही ठिकाणी एक ओळ चालते, काही ठिकाणी कमीत कमी दोन परिच्छेद. आठवड्याला किती पोस्ट टाकायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिअॅलिझम किती, म्हणजे तिथले लांडगे खरे लांडगे आहेत, की आपसात बोलणारे पण बाकी खरे, की पंखवाले निळ्या आयाळीचे जादू करणारे. यात चांगलं-वाईट काही नाही, ज्याची त्याची आवड. पण रिअलिस्टिक पॅकमध्ये आग ओकणारा लांडगा घेऊन गेलात तर ते लग्नाच्या पंगतीत बर्म्युडा घालून बसल्यासारखं दिसतं.

मग चार-पाच दिवस नुसते जुने थ्रेड, म्हणजे एकेका प्रसंगाच्या पोस्टची मालिका, वाचा. कोण कसं लिहितं, कोणाला पटापट उत्तरं येतात, कुठे गाडं अडतं. शितावरून भाताची परीक्षा इथे बरोबर होते, एक शिकारीचा थ्रेड आणि एक भांडणाचा थ्रेड वाचला की त्या ग्रुपचं पाणी कळतं.

पायरी २: खऱ्या लांडग्याची थोडी माहिती

हे लोक टाळतात आणि मग तिथेच अडकतात. फार नाही, एका संध्याकाळचं वाचन पुरतं.

सगळ्यात पहिला घोळ 'अल्फा'चा. जो सगळ्यांना मारून वर येतो तो अल्फा, ही कल्पना आली कुठून, तर प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं होतं तिथून, म्हणजे बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेले लांडगे. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे तो शब्द सगळीकडे पसरला आणि नंतर १९९९ मध्ये खुद्द मेक यांनीच लिहिलं की रानातला पॅक म्हणजे मुळात एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची दोन-तीन वर्षांतली पिल्लं, त्यामुळे आई-बापांना अल्फा म्हणण्यात फारसा अर्थ नाही. तरीही रोलप्लेमध्ये अल्फा (सगळ्यात वरचा), बीटा (त्याच्या खालचा), ओमेगा (सगळ्यात खालचा) या रँक सर्रास आहेत आणि राहणार, त्यावरून अॅडमिनशी वाद घालत बसू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा की तुमचा अल्फा चोवीस तास गुरगुरत हिंडला तर तो खोटा वाटतो. खरा नर पिल्लांना अंगाखांद्यावर उड्या मारू देतो आणि पोटातलं मांस त्यांच्यापुढे ओकून टाकतो, हे लिहा, लोक खूश होतात.

बाकी कामाचे आकडे. उत्तरेकडचा मोठा लांडगा साधारण ३५ ते ५० किलो, दुडक्या चालीने तासाला आठेक किलोमीटर जातो, दिवसाला तीसेक किलोमीटर सहज. यलोस्टोनसारख्या ठिकाणी एका पॅकचा इलाका शेकडो चौरस किलोमीटर असतो, त्यामुळे "तो नदीवरून पाच मिनिटांत उत्तर सीमेवर पोचला" असलं लिहायचं नाही. ओरडणं जंगलात आठ-दहा किलोमीटरपर्यंत ऐकू जातं. रानात सहा-सात वर्षांचा लांडगा म्हणजे बऱ्यापैकी म्हातारा. हेही नीट बघा, कारण पंधरा वर्षांचे 'ज्ञानी वृद्ध लांडगे' दर सर्व्हरवर दोन-तीन तरी असतात.

पायरी ३: कॅरेक्टर शीट

नाव, वय, नर की मादी, दिसणं, रँक, स्वभाव, आधीचं आयुष्य. फॉर्म बहुतेक असाच असतो.

दिसण्यात डोळ्यांचा रंग सगळे निळा टाकतात. पिल्लांचे डोळे जन्मतः निळे असतात खरे, पण काही महिन्यांत पिवळसर होतात, मोठ्या लांडग्याचे निळे डोळे म्हणजे आत कुठेतरी कुत्रा आहे असाच संशय येतो. काळा रंग मात्र बिनधास्त घ्या. यलोस्टोनमधले साधारण निम्मे लांडगे काळे आहेत आणि तो रंग फार पूर्वी कुत्र्यांशी झालेल्या संकरातून आलाय असं २००९ मधल्या जनुकीय अभ्यासात निघालं. गंमत बघा, सगळ्यात 'रानटी' दिसणारा लांडगा आणि रंग कुत्र्याकडून.

आधीचं आयुष्य लिहिताना आई-बाप डोळ्यांदेखत मेले, भाऊ गद्दार निघाला, एका डोळ्यावर व्रण, आता कोणावर विश्वास नाही... हा लांडगा प्रत्येक सर्व्हरवर आधीच आहे, तीन-तीन आहेत. साधी गोष्ट पुरते. दोन वर्षांचा झाला, जोडीदार हवा म्हणून घर सोडलं, बस. खरे तरुण लांडगेही साधारण एक ते तीन वर्षांचे असताना असेच निघतात. त्यात तुमचा एखादा खास तपशील घाला, म्हणजे त्याला बर्फावरून चालायची भीती वाटते, किंवा शिकारीत तो नेहमी घाई करतो.

आणि उणिवा. "उणीव: फार प्रेमळ आहे, मित्रांसाठी जीव देतो" ही उणीव नाहीये भाऊ, ही लग्नाच्या बायोडेटातली ओळ आहे. उणीव अशी हवी की तिच्यामुळे दुसऱ्या खेळाडूला काहीतरी करायला मिळेल. तुमची मादी खादाड आहे आणि लपवलेलं मांस उकरून खाते, यावरून भांडण होऊ शकतं, कोणी तिला पाठीशी घालू शकतं, एखादं पिल्लू तिचं बघून शिकू शकतं. सर्वगुणसंपन्न लांडग्याबरोबर कोणी काय करणार, आरती ओवाळणार?

चित्राबद्दल एक. गुगलवरून कोणाच्याही लांडग्याचं चित्र उचलून अवतार म्हणून लावू नका. या मंडळींमध्ये अर्धे जण स्वतः चित्रकार असतात, पैसे घेऊन काढून देतात, आणि चोरलेलं चित्र त्यांना दोन मिनिटांत ओळखू येतं. फोटो वापरायचा तर वापरायला मोकळा आहे का बघा, नाहीतर स्वतः वेडंवाकडं काढा, त्याला कोणी हसत नाही.

पायरी ४: पॅकमध्ये प्रवेश

पहिला थ्रेड बहुतेक ठिकाणी सीमेवरचा असतो. तुमचा लांडगा परका, पॅकच्या हद्दीवर आलाय. नवीन लोक इथे काय करतात, तर थेट गुहेच्या तोंडाशी जाऊन अल्फाशी गप्पा सुरू करतात. अरे, यलोस्टोनमध्ये लांडग्यांच्या नैसर्गिक मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण दुसरे लांडगेच आहेत. परका लांडगा असा आत जात नाही, गेला तर जिवंत परत येत नाही.

म्हणून हद्दीच्या बाहेर थांबा. झाडाच्या बुंध्यावर मुतलेलं हुंगा, वास ताजा की शिळा, किती जणांचा, हे लिहा. मग एकदा ओरडा आणि थांबा. कोणीतरी येईल. आल्यावर कान मागे, शेपूट खाली, नजर बाजूला. तुम्ही घमेंडी लांडगा घेतलाय? चालेल, मग शेपूट अर्धीच खाली घ्या आणि त्याचे परिणाम भोगा. शरीराची भाषा ही या खेळातली निम्मी मजा आहे, संवादांपेक्षा जास्त. ताठ झालेले मानेवरचे केस, विचकलेले दात, एक पाय उचलून थबकणं, याने पोस्ट उभी राहते.

लिहायची पद्धत बहुतेक सगळीकडे तृतीय पुरुष, भूतकाळ. "मी गेलो" नाही, "तो गेला".

पायरी ५: आयसी आणि ओओसी

आयसी म्हणजे लांडगा बोलतोय, ओओसी म्हणजे तुम्ही बोलताय. खेळाच्या चॅनेलमध्ये स्वतःचं काही सांगायचं असेल तर डबल कंसात. हे दोन वेगळे ठेवणं म्हणजे या खेळाचा कणा आहे, कारण तुमचा लांडगा माझ्या लांडग्यावर गुरगुरला म्हणजे तुम्ही माझ्यावर चिडलात असं होत नाही, आणि उलट माझं तुमच्याशी बिनसलं म्हणून माझ्या लांडग्याने तुमच्या पिल्लाला चावणं हाही घाणेरडेपणा आहे.

मेटागेमिंग यातूनच येतं. दुसऱ्या थ्रेडमध्ये एकीने मांस चोरलं हे तुम्ही वाचलं, पण तुमचा लांडगा तेव्हा डोंगरापलीकडे होता, तर त्याला ते माहीत नाही. त्याला कळायचं असेल तर वास लागावा लागेल किंवा कोणीतरी सांगावं लागेल. वाऱ्याची दिशा बघा, जमीन हुंगा, शोधा, त्यातूनच एक नवा थ्रेड निघतो की.

वेळेचं गणित आधीच बोलून घ्या. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात दुपारचे बारा वाजलेले असतात, म्हणजे ते जेवायच्या सुट्टीत आणि आपण झोपायच्या आधी, एवढीच काय ती सामाईक वेळ. ओओसीमध्ये सांगून टाका की मी दिवसाला एकच पोस्ट टाकेन, परीक्षा असेल तर पंधरा दिवस दिसणार नाही. न सांगता गायब झालात तर तीन-चार जणांचा थ्रेड तुमच्यासाठी लटकून राहतो आणि मग तुमचा नंबर ओलांडून लोक पुढे जातात, तेव्हा राग मानायचा नाही.

प्रत्येक पोस्टच्या शेवटी समोरच्यासाठी काहीतरी सोडा. एक प्रश्न, एक हालचाल, अर्धवट कृती. "तो झाडाखाली बसून जुने दिवस आठवू लागला" यावर कोणी काय लिहिणार? "बसता बसता त्याचा पाय तिने पुरून ठेवलेल्या हाडावर पडला" यावर लगेच उत्तर येतं.

पायरी ६: मारामारी

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून जरा सावकाश. समजा भुरी तुमची आणि काळ्या दुसऱ्याचा. नवीन माणूस असं लिहितो (खेळताना इंग्रजीत लिहाल, इथे मराठीत दाखवतोय):

"भुरीने झेप घेतली, काळ्याची मान पकडली आणि त्याला दगडावर आपटलं. काळ्या कळवळला आणि शेपूट पायात घालून पळाला."

यात झेप तेवढी तुमची आहे. मान सापडली की नाही, आपटला की नाही, कळवळला, पळाला, हे सगळं काळ्याच्या मालकाने ठरवायचं. यालाच पॉवरप्ले म्हणतात. आणि तुमच्या लांडग्याला कधी काही लागतच नाही, प्रत्येक वार चुकतो, थकवाच येत नाही, तो गॉडमॉडिंग. दोन्हीवरून लोक बॅन होतात.

आता तेच नीट:

"भुरीचं सगळं वजन मागच्या पायांवर आलं. काळ्याच्या मानेची सैल कातडी दातात सापडावी म्हणून ती त्याच्या डाव्या खांद्याच्या रोखाने झेपावली, पण खाली ओला पाला होता आणि झेप घेताना तिची उजवी बाजू पूर्ण उघडी पडली."

बघा, वार फक्त प्रयत्न म्हणून लिहिलाय, नेम कुठे ते स्पष्ट आहे, आणि स्वतःची एक बाजू उघडी ठेवलीय. आता काळ्याकडे चार रस्ते आहेत. तो मान वाचवून खांद्यावर चावा घेईल, किंवा उघड्या बरगडीवर धडक देईल, किंवा माघार घेईल, किंवा तिच्यासकट घसरून पडेल. चांगला खेळाडू असेल तर तीन वारांतला एक तरी अंगावर घेईलच, आणि तुम्हीही घ्या. काही सर्व्हरवर फासे टाकणारा बॉट असतो, तिथे आकडा येईल तो निमूट मान्य करायचा.

लागलं तर ते पुढे दिसलं पाहिजे. मागच्या पायाला खोल चावा बसलेला लांडगा दुसऱ्या दिवशी शिकारीत सगळ्यात पुढे कसा? लंगडू द्या दोन-तीन आठवडे, कोणीतरी त्याच्यासाठी मांस आणेल, कोणी त्याची रँक हिसकावायला बघेल. हरलेल्या लांडग्याला जिंकलेल्यापेक्षा जास्त थ्रेड मिळतात, हे थोडं खेळल्यावर तुमच्या लक्षात येईलच. जिवे मारायचं असेल तर मात्र समोरच्या माणसाची आधी ओओसी परवानगी, लेखी, अॅडमिनसमोर.

शिकारीचेही नियम हेच. एल्क नावाचं हरीण म्हणजे दोनशे-तीनशे किलोचं धूड, एक लाथ बसली तर बरगडी मोडते, आणि खऱ्या लांडग्यांच्याही बहुतेक शिकारी फुकट जातात. त्यामुळे शिकारीचा थ्रेड काढला की दर वेळी मारूनच उठायचं असं नाही. कळप उधळला, अंतर वाढलं, संध्याकाळ झाली, सगळे उपाशी आणि एकमेकांवर चिडलेले, हा फार भारी थ्रेड होतो.

पायरी ७: प्लॉट कुठून आणायचा

लोक जादूचे मणी, शाप, भविष्यवाण्या असलं काहीतरी शोधत बसतात. त्यापेक्षा खऱ्या लांडग्यांचा इतिहास वाचा. यलोस्टोनमध्ये १९९५ साली अल्बर्टातून १४ आणि १९९६ मध्ये ब्रिटिश कोलंबियातून १७ लांडगे आणून सोडले. त्यांच्यातून पुढे ड्रुइड पीक नावाचा पॅक झाला, त्यातली मुख्य मादी '४० एफ' (अभ्यासकांनी दिलेला नंबर, एफ म्हणजे मादी) अतिशय दांडगट होती, बाकीच्या माद्यांना, स्वतःच्या बहिणीलाही, सारखी चोपायची. २००० साली तिच्याच पॅकमधल्या माद्यांनी तिला इतकं फाडलं की ती मेली. त्यानंतर तिची बहीण '४२ एफ' वर आली आणि मेलेल्या बहिणीची पिल्लंही तिने आपल्यात घेतली. पुढच्या वर्षी तो पॅक ३७ जणांचा झाला होता. सूडापेक्षा त्या पिल्लांना दूध कोण पाजणार हा प्रश्न मला जास्त जबरदस्त वाटतो, त्यावर सहा महिन्यांचा रोलप्ले आरामात निघतो.

कोणताही मोठा प्लॉट करायचा तर अॅडमिनला विचारा आणि त्यात किमान तीन जणांना काम असेल असं बघा. आपलंच घोडं पुढे दामटणाऱ्याचा प्लॉट दुसऱ्या आठवड्यात मरतो.

पायरी ८: जोडी आणि पिल्लं

हे नाजूक प्रकरण. बहुतेक ठिकाणी लैंगिक वर्णन पूर्ण बंद असतं, जोडी जमली की सीन तिथेच मिटवून पुढे जायचं. समोरचा अल्पवयीन असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर रोमान्सचा थ्रेडच नको, कोणी कितीही "फक्त कॅरेक्टर आहे" म्हटलं तरी नको.

पिल्लांसाठी आधी परवानगी लागते, कारण त्यांना खेळणारे खेळाडू मिळाले पाहिजेत. गर्भ साधारण ६३ दिवसांचा, एका वेळी बहुधा चार ते सहा पिल्लं, जन्मतः आंधळी-बहिरी, दहा-चौदा दिवसांनी डोळे उघडतात आणि तीनेक आठवड्यांनी गुहेबाहेर डोकावतात. तेव्हा दहा दिवसांच्या पिल्लाने आईला आयुष्याचं तत्त्वज्ञान ऐकवू नये. पिल्लू खेळणं खरं तर अनुभवी लोकांचं काम आहे पण नवीन लोकच ते आधी मागतात.

स्वतःला सांभाळा

खरं नाव, शाळा-कॉलेज, फोन नंबर, फोटो, काही देऊ नका. कोणी सारखं खाजगी मेसेजमध्ये खेळू या म्हणतंय, वय विचारतंय, "हे कोणाला सांगू नको" म्हणतंय, तर स्क्रीनशॉट काढा, ब्लॉक करा, मॉडरेटरला दाखवा आणि लहान असाल तर घरी सांगा. हा घाबरटपणा नाही. एआयकडून पोस्ट लिहून घेणं बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि तुमचं इंग्रजी कच्चं असेल तर कच्चंच लिहा, व्याकरणावरून हसणाऱ्या सर्व्हरवर तसंही राहण्यासारखं काही नसतं.

मराठीत पॅक काढायचा असेल तर

काढाच. पण मग बर्फ आणि एल्क इथे कशाला? आपला लांडगा माळरानाचा. नान्नज, सासवड, सुप्याकडचे गवताळ पट्टे, अंगाने किरकोळ, साधारण वीस किलोचा, मातकट रंगाचा, ससे आणि काळविटाच्या मागे असणारा आणि धनगराच्या वाड्यावरून रात्री करडू उचलणारा. पॅकही छोटा, चार-सहा जणांचा, म्हणजे सुरुवातीला चारच खेळाडू मिळाले तरी बिघडत नाही. भीती घालायला खलनायक लांडगा लागत नाही, गावची भटकी कुत्री, त्यांचे रोग, नवीन रस्ता, तारेचं कुंपण आहे. पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय चाचणीत निघालंय, म्हणजे पॅकमध्ये एक अर्धा कुत्रा असलेला लांडगा घेतला तर तो खोटाही नाही. पिल्लं थंडीच्या दिवसांत, मातीत खणलेल्या बिळात.

सुरू करताना पन्नास चॅनेल उघडू नका. रूल्सचं एक, ओओसी गप्पांचं एक, आणि खेळायला तीन जागा: माळ, ओढा, बीळ. पहिला थ्रेड तुम्हीच टाका, वाड्याच्या बाहेर अंधारात दोन लांडगे दबून बसलेत, कुत्रं जागं आहे, वारा उलट फिरलाय, आणि दुसऱ्या लांडग्याची चाल त्याच्या मालकावर सोडा.